उच्चशिक्षण एकाचे, नोकरी दुसऱ्याची : गाव कसे निवडावे?

टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी यांनी १८८० मध्ये रॉयल वाइल्डर या अमेरिकी मिशनऱ्याला पत्र लिहिले. पत्नीला वैद्यकशास्त्र शिकवायचे आहे, हा पत्राचा मुख्य विषय. त्याच पत्रव्यवहारात आणखी एक विचारणा होती. आपल्याला स्वतःला अमेरिकेत एखादी योग्य नोकरी मिळेल काय? वाइल्डर यांनी हा पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला. तो न्यू जर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आला आणि १८८३ मध्ये आनंदीबाई फिलाडेल्फियाला शिकायला गेल्या, पण एकट्याच. गोपाळराव मागे राहिले आणि बऱ्याच काळाने तेथे पोहोचले.

त्यांचा दुसरा प्रश्न आजही घरोघरी विचारला जातो. पती-पत्नींपैकी एकाला परदेशी विद्यापीठात एम.एस. किंवा पीएच.डी.साठी प्रवेश मिळतो. दुसरा चाकण, हिंजवडी किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यात इंजिनिअर म्हणून पाच-सात वर्षे स्थिरावलेला असतो. प्रवेश मिळालेल्या विद्यापीठांची तुलना क्रमवारी, प्राध्यापक आणि विद्यावेतन या तीन निकषांवर होते. जोडीदाराचे ‘तिकडे गेल्यावर बघू’ म्हणून सोडून दिले जाते. पीएच.डी.ला पाच ते सहा वर्षे लागतात. तेवढी वर्षे कामाविना काढलेल्या इंजिनिअरला पुन्हा उभे राहणे किती कठीण जाते, हे परदेशातील मराठी मंडळांच्या कोणत्याही स्नेहसंमेलनात ऐकायला मिळते. पूर्वी हा अनुभव प्रामुख्याने पत्नींच्या वाट्याला येत असे, आता पतींच्याही येऊ लागला आहे.

म्हणून विद्यापीठांची यादी करतानाच तिच्याशेजारी दुसरी यादी हवी. त्या गावात जोडीदाराला काम करण्याचा कायदेशीर हक्क आहे का, त्याच्या शाखेचा उद्योग रोज जाण्या-येण्याच्या अंतरावर आहे का आणि त्या उद्योगातील नोकऱ्या परदेशी नागरिकाला खुल्या आहेत का? हे तीन प्रश्न याच क्रमाने विचारावेत. पहिल्याचे उत्तर नकारार्थी असेल तर पुढचे दोन व्यर्थ आहेत.

आधी व्हिसा, मग गाव

अमेरिकेत पूर्णवेळ शिकणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांना एफ-१ व्हिसा मिळतो व जोडीदाराला एफ-२. एफ-२ वर नोकरी करता येत नाही. हा नियम सिलिकॉन व्हॅलीत आणि आयोवाच्या मक्याच्या शेतात सारखाच लागू आहे. त्यामुळे ‘सॅन होजेला नोकऱ्या पुष्कळ, तिकडेच प्रवेश घेऊ’ हा हिशेब एफ-२ पुरता फोल ठरतो. भारतातील कंपनीचे काम तिथे बसून ऑनलाइन करू, ही पळवाटही सुरक्षित समजू नये. तसा विचार असेल तर इमिग्रेशन वकिलाचा लेखी सल्ला घ्यावा. एफ-२ वर अर्धवेळ शिक्षण मात्र घेता येते. २०१५ पासून ही सवलत आहे.

याउलट जे-१ या विनिमय व्हिसावर विद्यार्थी गेला तर जोडीदाराला जे-२ मिळतो आणि जे-२ धारकाला अर्ज करून कामाचा परवाना मिळवता येतो. तो हाती आला की कोणत्याही कंपनीत, कोणत्याही पदावर काम करता येते, कंपनीने प्रायोजकत्व देण्याची गरज उरत नाही. हा फरक इतका मोठा आहे, तरी प्रवेश घेणाऱ्या अनेकांना तो ठाऊक नसतो. पीएच.डी.चा खर्च बव्हंशी विद्यापीठ किंवा अन्य संस्था उचलत असेल, स्वतःच्या वा कुटुंबाच्या पैशातून होत नसेल, तर काही विद्यापीठे विनंतीवरून जे-१ची कागदपत्रे देतात. फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीधारक तर जे-१ वरच जातात.

या व्हिसाला एक काटा आहे. काही जे-१ धारकांना शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट लागू होते व ती पूर्ण होईपर्यंत एच-१बी किंवा ग्रीन कार्डचा मार्ग बंद असतो. भारतीयांना ही अट पूर्वी प्रामुख्याने ‘कौशल्य यादी’मुळे लागत असे. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने यादी सुधारली आणि तीतून भारताचे नाव वगळले. शिष्यवृत्तीत सरकारी पैसा असेल (फुलब्राइटमध्ये तो असतो) तर अट कायम राहते. शिवाय शिक्षणानंतरच्या कामाच्या मुदतीतही फरक पडतो. एफ-१ वर विज्ञान-तंत्रज्ञान शाखांच्या पदवीधरांना बारा अधिक चोवीस अशा छत्तीस महिन्यांपर्यंत प्रशिक्षणार्थी म्हणून काम करता येते. जे-१ वर ही मुदत साधारणतः अठरा महिने असून पीएच.डी.नंतर संशोधनासाठी ती छत्तीसपर्यंत जाऊ शकते. म्हणजे एकाची सोय पाहताना दुसऱ्याची थोडी अडचण होते. पाच वर्षांच्या पीएच.डी.साठी मात्र जे-२चे पारडे जड ठरते, असे आमचे मत आहे. दोन वर्षांच्या एम.एस.साठी तसे म्हणता येणार नाही. एम.एस.चे बहुतेक विद्यार्थी स्वखर्चाने जात असल्याने तो पर्याय त्यांना फारसा उपलब्धही नसतो.

एच-१बी, एल-१ आणि उलटा डाव

जोडीदाराने स्वतःच्या बळावर एच-१बी मिळवावा, हा तिसरा मार्ग. वार्षिक मर्यादा ६५ हजार, अधिक अमेरिकी विद्यापीठातील पदव्युत्तर पदवीधरांसाठी २० हजार. मागणी याहून कितीतरी अधिक असल्याने निवड सोडतीच्या पद्धतीने होते. मार्चमध्ये नोंदणी करायची आणि निवड झाल्यास १ ऑक्टोबरपासून काम सुरू करायचे. त्यातच १९ सप्टेंबर २०२५ च्या अध्यक्षीय घोषणेने देशाबाहेरील व्यक्तीसाठीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा आकार बसविला. घोषणा बारा महिन्यांसाठी म्हणून काढण्यात आली आणि तिला न्यायालयांत आव्हानही देण्यात आले. अर्ज करण्याच्या दिवशी तिची स्थिती काय आहे, हे पाहूनच पाऊल टाकावे. पुण्यात बसून अमेरिकेतील कंपनीकडून थेट एच-१बी मिळवण्याच्या भरवशावर विद्यापीठ निवडणे मात्र धोक्याचेच.

या वार्षिक मर्यादेतून विद्यापीठे आणि त्यांच्याशी संलग्न ना-नफा संशोधन संस्था वगळलेल्या आहेत. त्यांना वर्षभरात केव्हाही, सोडतीविना अर्ज करता येतो. छोट्या विद्यापीठ-गावात सर्वांत मोठा मालक विद्यापीठच असते. प्रयोगशाळेतील उपकरणांचा इंजिनिअर, संगणक विभाग, इमारत-देखभाल अशा जागांच्या जाहिराती त्याच्याच संकेतस्थळावर निघतात. कंपनीच्या तुलनेत पगार कमी असतो, पण सोडत टळते.

महाराष्ट्रातील इंजिनिअरांसाठी खरा उपयोगाचा, तरी दुर्लक्षित मार्ग एल-१चा आहे. बहुराष्ट्रीय कंपनीच्या भारतातील कार्यालयात मागील तीन वर्षांत सलग एक वर्ष नोकरी झालेली असली की व्यवस्थापकीय पदावर किंवा कंपनीच्या खास ज्ञानाच्या आधारे तिच्या अमेरिकेतील कार्यालयात बदली होऊ शकते. सोडत नाही, वार्षिक मर्यादा नाही. येथे गाव निवडण्याची पद्धतच उलटी होते. आपल्या कंपनीचे मुख्य कार्यालय कुठे आहे ते पाहायचे आणि त्याच्या आसपासची विद्यापीठे यादीत घ्यायची. पुण्याच्या कमिन्सचे मूळ गाव इंडियाना राज्यातील कोलंबस. तेथून ब्लूमिंग्टनचे इंडियाना विद्यापीठ सुमारे ६० किलोमीटरवर, तर इंडियानापोलिस सुमारे ७५ किलोमीटरवर आहे. इंडियानापोलिसमध्ये १ जुलै २०२४ पासून पर्ड्यू आणि इंडियाना या दोन्ही विद्यापीठांची स्वतंत्र संकुले आहेत. मगरपट्ट्यात मोठे तंत्रज्ञान केंद्र असलेल्या जॉन डिअरचे मुख्यालय इलिनॉयमधील मोलिनला असून आयोवा सिटीचे विद्यापीठ तेथून तासाभराच्या अंतरावर आहे. खराडीच्या ईटनचा अमेरिकेतील कारभार क्लीव्हलँडजवळून चालतो, त्याच शहरात केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठ आहे. तेलक्षेत्रातील श्लुम्बर्जे, म्हणजे आताच्या एसएलबीचे, पुण्यात केंद्र आहे आणि मुख्य कारभार ह्यूस्टनला. तेथे राइस आणि ह्यूस्टन ही दोन विद्यापीठे आहेत. बदली मागून मिळतेच असे नाही. पण प्रवेश-अर्जाच्या आधी एक वर्ष वरिष्ठांच्या कानावर हा विषय घालून ठेवला तर शक्यता वाढते. एप्रिलमध्ये प्रवेश पक्का करून जूनमध्ये बदली मागणाऱ्याला बहुधा नकारच ऐकावा लागतो.

एल-१चा दुसरा लाभ असा की जोडीदाराला एल-२ मिळतो. नोव्हेंबर २०२१ पासून एल-२ वरील पती वा पत्नीला वेगळा परवाना न काढता काम करता येते. म्हणजे विद्यार्थी एल-२ वर राहून शिकू शकतो व विद्यापीठाची सशुल्क सहायकाची जागाही स्वीकारू शकतो. एच-४ वर मात्र शिकता येते, पण परवाना नसेल तर सहायकाची जागा घेता येत नाही. हा परवाना एच-१बी धारकाची ग्रीन कार्डची प्रक्रिया ठराविक टप्प्यापर्यंत गेलेली असेल तरच मिळतो. ज्याच्या विद्यावेतनावर घर चालणार आहे, त्याने हा भेद विसरू नये.

शाखेनुसार नकाशा

काम करण्याचा हक्क मिळणार असे गृहीत धरून आता नकाशाकडे वळू. ‘इंजिनिअर’ या एका शब्दात अनेक धंदे दडलेले आहेत आणि प्रत्येकाचे गाव निराळे आहे.

मोटार उद्योगातील यांत्रिकी इंजिनिअरसाठी मिशिगन विद्यापीठाचे अ‍ॅन आर्बर जवळपास आदर्श म्हणावे लागेल. फोर्डचे डिअरबॉर्न तेथून साठ किलोमीटरच्या आत आहे. जनरल मोटर्सचे वॉरन येथील तंत्र केंद्र आणि स्टेलँटिसचे ऑबर्न हिल्स डेट्रॉइटच्या उत्तरेला, टोयोटाचे संशोधन केंद्र तर अ‍ॅन आर्बरच्या वेशीवर. सुटे भाग बनविणाऱ्या कंपन्यांची गणतीच नाही. चाकणच्या अनुभवाला येथे किंमत आहे आणि डेट्रॉइट परिसरातील मराठी वस्तीही जुनी आहे. हिवाळा मात्र कडक, आणि मोटार उद्योगाला मंदीचा फटका सर्वांत आधी बसतो. २००८-०९ मध्ये डेट्रॉइटने ते भोगले आहे. दक्षिण कॅरोलिनातील क्लेमसनचे नाव आपल्याकडे कमी घेतले जाते. तेथे ग्रीनव्हिल परिसरात विद्यापीठाचे मोटार-संशोधन संकुल आहे, मिशेलिनचे उत्तर अमेरिकेचे मुख्यालय आहे आणि जवळच स्पार्टनबर्गला बीएमडब्ल्यूचा मोठा कारखाना आहे. राहण्याचा खर्चही आटोक्यात. पर्ड्यूच्या वेस्ट लाफायेतला लागून सुबारूचा मोटार कारखाना आणि कॅटरपिलरचा इंजिन कारखाना आहे.

चिप आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या माणसाने टेक्सासमधील ऑस्टिन, अ‍ॅरिझोनातील टेंपी व टेक्सासमधीलच डॅलस ही नावे प्रथम पाहावीत. ऑस्टिनला सॅमसंग, एनएक्सपी, एएमडी आणि अ‍ॅपल आहेत. टेंपीच्या अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाला लागून चँडलर येथे इंटेलचे आणि फिनिक्सच्या उत्तर टोकाला तैवानच्या टीएसएमसीचे कारखाने आहेत. डॅलस हे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे गाव, युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासची डॅलस शाखा त्याच्या मुळांशी जोडलेली. वायरलेस क्षेत्रातील इंजिनिअरसाठी क्वालकॉमचे सॅन दिएगो आहे, पण तेथील घरभाडे विद्यावेतनाला झेपणारे नाही. रासायनिक शाखेला ह्यूस्टन आणि लुइझियानातील बॅटन रूज ही तेलशुद्धीकरणाच्या पट्ट्यातील गावे सोयीची.

स्थापत्य अभियंत्याला कोणत्याही मोठ्या शहरात काम असते, परंतु आराखड्यावर सही करायची तर राज्याचा व्यावसायिक परवाना लागतो. त्याची पहिली पायरी म्हणजे मूलभूत अभियांत्रिकीची ‘एफई’ परीक्षा. जाण्याआधीच तिची तयारी सुरू केली तर रिकामा काळ सत्कारणी लागेल.

ज्यांना एकाच शाखेवर डाव लावायचा नाही, त्यांनी अनेक विद्यापीठे आणि अनेक उद्योग एकत्र असलेले परगणे निवडावेत. उत्तर कॅरोलिनातील रॅली, डरहॅम आणि चॅपल हिल ही तीन गावे व त्यांच्या मध्यावर १९५९ मध्ये उभारलेले संशोधन उद्यान हे याचे उत्तम उदाहरण. विद्यार्थी ड्यूक, एनसी स्टेट, यूएनसी यांपैकी कुठेही शिकला तरी जोडीदाराची नोकरी एका घरातून जाण्याजोगी राहते. बॉस्टन आणि पिट्सबर्गमध्येही असेच जाळे आहे. बॉस्टनला मोटारीवाचून चालते ही जमेची बाजू, घरभाडे ही खर्चाची.

याउलट न्यूयॉर्क राज्यातील इथाका किंवा पेनसिल्व्हेनियातील स्टेट कॉलेज येथे जगप्रसिद्ध विद्यापीठे आहेत, गावे देखणी आहेत, पण उद्योग थोडे. इथाकाहून कॉर्निंगच्या काच कंपनीपर्यंत रोज सत्तर किलोमीटर जायचे आणि बर्फातून परतायचे, ही तयारी हवी. अशा गावांना नकार द्या, असे आम्ही म्हणणार नाही. प्राध्यापक असामान्य असेल तर जावेच. फक्त जोडीदाराला आधी सांगावे की येथे नोकरी म्हणजे विद्यापीठाची, नाहीतर घरून करायची.

कागदावरच्या नोकऱ्या

आता तिसरा प्रश्न. नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर गावाचे नाव टाकले की शेकडो जाहिराती दिसतात आणि मन सुखावते. अलाबामातील हंट्सव्हिलला अवकाश-संरक्षण उद्योगाची रांग आहे. लॉस एंजेलिस व सॅन दिएगोतही तीच गर्दी. परंतु संरक्षण आणि अवकाश तंत्रज्ञानावर अमेरिकेचे निर्यात-निर्बंध लागू आहेत. त्यामुळे अशा जागांसाठी कंपन्या नागरिक, ग्रीन कार्डधारक किंवा निर्वासित म्हणून आश्रय मिळालेल्यांनाच घेतात. गोपनीयतेची मंजुरी लागणाऱ्या जागा तर केवळ नागरिकांना. जे-२ वरील विमान-रचना इंजिनिअरने हंट्सव्हिलच्या जाहिराती मोजणे म्हणजे दुसऱ्याच्या ताटातील पुरणपोळ्या मोजण्यासारखे आहे.

खरी संख्या काढण्याचा मार्ग सरकारनेच खुला ठेवला आहे. परदेशी कर्मचाऱ्यासाठी एच-१बी अर्ज करण्याआधी कंपनीला अमेरिकी कामगार खात्याकडे निवेदन द्यावे लागते. त्या निवेदनांचा तपशील, म्हणजे कंपनी, पद, कामाचे गाव आणि पगार, खात्याच्या संकेतस्थळावर तक्त्यांच्या रूपात मोफत मिळतो. ज्या गावाचा विचार आहे त्याचे नाव गाळणीत घालून यांत्रिकी, विद्युत किंवा स्थापत्य अशी पदे वेगळी काढली की अर्ध्या तासात चित्र स्पष्ट होते. जाहिराती दोनशे आणि निवेदने चार, असे आढळले तर काय समजायचे ते वेगळे सांगायला नको. पगाराचे आकडेही याच तक्त्यात मिळत असल्याने एजंटांच्या गप्पांवर विसंबावे लागत नाही.

अमेरिकेबाहेर

जोडीदाराच्या कामाच्या हक्काबाबत अन्य देश बरेच उदार आहेत, यात शंका नाही. तेथील अडचणी वेगळ्या आहेत.

जर्मनीत विद्यार्थी किंवा संशोधक म्हणून गेलेल्या व्यक्तीच्या जोडीदाराला कुटुंब-एकत्रीकरणाचा निवास परवाना मिळाला की नोकरीची मुभा त्यातच येते. पीएच.डी. तेथे बऱ्याचदा पगारी नोकरीच असते. पुणे-नाशिकच्या इंजिनिअरला जर्मन कंपन्यांची नावेही घरची. बॉशचे श्टुटगार्ट, बीएमडब्ल्यू आणि सीमेन्सचे म्युनिक, फोक्सवॅगनच्या वोल्फ्सबुर्गला लागून असलेले ब्राउनश्वाइग, चिप उद्योगाचे ड्रेस्डेन; प्रत्येक ठिकाणी नामांकित तांत्रिक विद्यापीठ आहे. अडचण भाषेची आहे. इंग्रजीतून एम.एस. होते, पण कारखान्यातील बैठक जर्मनमध्ये चालते. सॉफ्टवेअरमध्ये इंग्रजीवर निभावते. उत्पादन, गुणवत्ता, स्थापत्य यांत सहसा नाही. जोडीदाराच्या व्हिसासाठी साधारणपणे ए-१ पातळी पुरते (संशोधक आणि निळे कार्डधारक यांच्या जोडीदारांना त्यातूनही सूट आहे), पण नोकरीसाठी बी-१ किंवा बी-२ गाठावी लागते. त्याला वर्ष-दीड वर्ष लागते. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात प्रवेशपत्र येण्याची वाट न पाहता नाव घालावे. फुकट शिक्षणाची कीर्तीही आता सर्वत्र खरी नाही. श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे तेथे युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना २०१७ पासून सहामाहीला दीड हजार युरो शुल्क आहे आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून सहामाहीला दोन ते सहा हजार युरो आकारण्यास सुरुवात केली.

स्वीडनमधील लुंड हे गाव फारसे चर्चेत नसते. दापोडीला कारखाना असलेल्या अल्फा लावलचे मुख्यालय तेथे आहे, चाकणच्या टेट्रापॅकचे मोठे केंद्रही तेथेच, आणि विद्यापीठ जुने व नामवंत. स्वीडनमध्येही पीएच.डी. ही पगारी जागा असते आणि जोडीदाराला काम करता येते.

ब्रिटनने १ जानेवारी २०२४ पासून नियम आवळले. अध्यापनावर आधारित एम.एस्सी.साठी जाणाऱ्याला कुटुंब नेता येत नाही. पीएच.डी. किंवा संशोधनाधारित पदवी असेल तरच जोडीदार सोबत जाऊ शकतो. तो गेला मात्र, तर जवळपास कोणतेही काम करू शकतो. यांत्रिकी इंजिनिअरसाठी कव्हेंट्री-वॉरिक हा पट्टा पाहण्याजोगा आहे. टाटा मोटर्सने २००८ मध्ये घेतलेल्या जग्वार लँड रोव्हरची मुख्य केंद्रे तेथेच आहेत. विमान-इंजिनांसाठी ब्रिस्टल आणि डर्बी, चिप-रचनेसाठी केंब्रिज. व्हिसाशिवाय आरोग्य अधिभार वेगळा भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून विद्यार्थी व त्याच्या जोडीदारासाठी तो प्रत्येकी वर्षाला ७७६ पौंड झाला, आणि सर्व वर्षांची रक्कम आधीच भरायची असते.

कॅनडात पूर्वी जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याच्या जोडीदाराला खुला कामाचा परवाना मिळे. २१ जानेवारी २०२५ पासून तो पीएच.डी., किमान सोळा महिन्यांचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आणि काही निवडक व्यावसायिक पदव्या यांपुरता राहिला. बारा महिन्यांचा अभ्यासक्रम स्वस्त म्हणून निवडणाऱ्यांचा येथे घात होतो. वॉटर्लू हे संगणक आणि यंत्र या दोन्ही शाखांना मानवणारे गाव. माँट्रियलला विमान उद्योग मोठा आहे, पण फ्रेंच हवी. ऑस्ट्रेलियात पदव्युत्तर व पीएच.डी. विद्यार्थ्यांच्या जोडीदाराला तासांची मर्यादा न ठेवता काम करता येते. खाणकाम आणि अवजड यंत्रांचा अनुभव असलेल्यांनी पर्थचा विचार करावा.

आणि सीमेच्या आत

पीएच.डी.साठी परदेशच गाठला पाहिजे असे नाही. देशात व्हिसाचा प्रश्न नाही, गावाचा आहेच. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था किंवा पवईची आयआयटी मिळाल्यास जोडीदाराची चिंता नसते. आयआयटी मद्रासमध्ये शिकणाऱ्याच्या मोटार-इंजिनिअर जोडीदारासाठी श्रीपेरुंबुदूर-ओरगडमचा पट्टा आहे. रूडकी आडबाजूला वाटते, पण तीसेक किलोमीटरवर हरिद्वारला भेल आणि सिडकुल औद्योगिक वसाहत आहे. खरगपूर किंवा कानपूरला ही सोय तितकीशी नाही. पुणेकरांनी तर घरातल्या संस्थाही पाहाव्यात. आयसर, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयुका या तिन्ही पाषाण-औंध परिसरात असून जोडीदाराला नोकरी बदलावीच लागत नाही. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये झाली. दोन पगारांच्या घरात ती कमी वाटत नाही.

पैशाचा आणि तारखांचा हिशेब

अमेरिकेत जोडीदाराला सोबत न्यायचे तर विद्यापीठ आय-२० किंवा जे-१चे कागद देताना त्याच्या वार्षिक खर्चाचीही तजवीज दाखवायला सांगते. विद्यावेतन एकट्याच्या हिशेबाने दिलेले असते, वरची रक्कम बँकेत हवी. जे-२ वरील मिळकतीबाबत एक अट आहे. ती जे-१ धारकाच्या निर्वाहासाठी वापरायची नाही, असे अर्जात स्पष्ट करावे लागते. परवाना हाती येण्यास काही महिने लागतात, तोवरचे भाडे, विमा आणि जुनी मोटार यांचा खर्च बचतीतून करावा लागेल. लहान गावात मोटार ही चैन नसून नोकरीची पूर्वअट असते. म्हणून दोघांनीही निघण्यापूर्वी चारचाकीचा पक्का परवाना काढून ठेवावा. जोडीदाराने कंपनीतून राजीनामा देण्याआधी अनुभवाची पत्रे घ्यावीत, आणि त्यांत केवळ पदाचे नाव नको, प्रत्यक्ष कामाचे वर्णन असावे. पुढे व्हिसा-अर्ज व परवाना मंडळे नेमके तेच मागतात.

अर्ज डिसेंबर-जानेवारीत जातात, निकाल फेब्रुवारी-मार्चमध्ये येऊ लागतात. अमेरिकेतील बहुतेक नामवंत विद्यापीठांनी मान्य केलेल्या ठरावानुसार विद्यावेतनासह आलेल्या प्रस्तावावर १५ एप्रिलपूर्वी उत्तर देण्याचे बंधन विद्यार्थ्यावर घालता येत नाही. या मधल्या सहा-आठ आठवड्यांत जोडीदाराने प्रत्येक गावाची चौकशी पूर्ण करावी. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला ई-मेल करून दोन प्रश्न विचारावेत. आमच्या प्रस्तावावर जे-१ मिळू शकेल काय, आणि विद्यार्थ्यांच्या जोडीदारांना विद्यापीठात नोकरीसाठी काही साह्य मिळते काय? उत्तर लेखी घ्यावे. प्राध्यापकाने फोनवर दिलेले ‘होऊन जाईल’ हे आश्वासन व्हिसा कार्यालयात चालत नाही. जे-१ हवा असेल तर आय-२० निघण्यापूर्वीच ते कळवावे. एकदा एफ-१ वर दाखल झाल्यावर बदल करून घेणे लांबलचक आणि अनिश्चित काम आहे.

(प्रतिनिधी)